भरती नसलेला दर्या

दामूकाका आमच्या लॅबमध्ये कधी रिकाम्या हातानं आले नाहीत. बॉयलरच्या पाण्याचा नमुना तपासायला द्यायला ते दिवसातून दोनदा यायचे. नमुन्याची बाटली डाव्या हातात आणि उजव्या हातात दुसरं काहीतरी. वाटेत सापडलेला नट, वाऱ्यानं उडालेली कुणाची टोपी, नाहीतर सरळ विटेचा तुकडा. विटेचा तुकडा ते लॅबच्या पायरीशी, जिथं गळक्या नळामुळे जमीन खचली होती, तिथं टाकायचे, बुटाच्या टाचेनं दाबायचे आणि मगच आत यायचे. मला रोह्याच्या त्या कंपनीत लागून आठवडाच झाला होता. माणूस डोक्यानं जरा सैल दिसतोय, असं मी मनात नोंदवून ठेवलं. माझा स्वभाव तसा तिरसट. लोकांविषयीची मतं मी पटापट बनवते आणि मग ती मोडायला मला फार दिवस लागतात.

एकदा न राहवून विचारलंच. "काका, हे रोज काय गोळा करता?"

"आमच्या खारीत बांधावरनं जानारा मानूस रित्या हातानं जात नाय," ते म्हणाले. "एक ढेकूळ उचलायचं, बांधावर टाकायचं, पायानं दाबायचं, मंग पुढं जायचं."

"पण इथं कुठं आलाय बांध?"

"सवय गो पोरी. हाताला काय म्हाईत, खार हाय का कंपनी हाय."

त्यांचं गाव पेणच्या खाडीकाठचं. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला भाताची खारी शेतं आणि मध्ये समुद्राला अडवून धरणारा मातीचा बांध. त्या बांधाला कुठं खांड पडली की हाळी व्हायची आणि घरटी एक माणूस टोपली घेऊन धावायचा. दामूकाका लहानपणापासून धावले. पुढं गावातली पोरं कारखान्यांत शिफ्टला जाऊ लागली, टोपल्या कमी झाल्या, आणि एका उधाणात बांधाला एवढी मोठी खांड गेली की खारं पाणी थेट चुलीपर्यंत आलं. शेतात मीठ बसलं. काका बिऱ्हाड घेऊन पेणला रामवाडीत राहायला आले आणि बॉयलरवरची नोकरी हेच त्यांचं शेत झालं.

खार सुटली तरी समुद्र काही त्यांच्या डोक्यातून गेला नाही. भेटल्यावर लोक "बरं आहे ना" म्हणतात, दामूकाका विचारायचे, "आज तिथ कंची?" तिथी सांगितली की तिची पाऊणपट करायची, भरतीची वेळ तयार. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा. बॉयलरच्या नोंदवहीत ते दाब आणि तापमान लिहीत आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात भरतीची वेळ. तपासणीला आलेल्या साहेबानं एकदा विचारलं, ही कसली नोंद? काका म्हणाले, "तुमाला नको असंल तर वाचू नका." साहेबानं वाचली नाही.

महिन्याभरानं कँटीनमध्ये मला कळलं, की मी ज्या खुर्चीत बसते ती आधी त्यांच्या मुलीची होती. प्रणाली तिचं नाव. पेणच्या कॉलेजात विज्ञान शिकली, काकांनी साहेबांचे पाय धरून तिला लॅबमध्ये लावलं आणि महिना भरायच्या आत राजीनामा देऊन ती पुण्याला निघून गेली. काम काय, तर कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी चित्रं काढायची. त्यातही दगड. खेळात जे दगडधोंडे, कडे, झाडं दिसतात ती. काका तिला म्हणाले होते, "दगड काढायला पुन्याला कशाला? हितं काय दगडांचा तोटा हाय?" तिनं ऐकलं नाही. मग निघताना, दारात, काकांच्या तोंडून गेलं, "रित्या हातानं चाललीस, रित्या हातानंच परत येशील."

खारीतल्या माणसानं खारीतल्या मुलीला म्हणावं असं हे वाक्य नव्हतं. तिथं रिता हात म्हणजे ज्याचा कुणाला उपयोग नाही तो माणूस. त्या दिवसापासून दीड वर्ष प्रणाली वडिलांशी बोलली नव्हती. आईला फोन करायची, बाबा आले की ठेवायची.

हे सगळं कळल्यावर मला त्या खुर्चीत धड बसवेना. काकांनी मात्र मला एकदाही तसं जाणवू दिलं नाही. उलट एक दिवस बाटली ठेवून ते तसेच उभे राहिले. हातातला खिळा फिरवत म्हणाले, "पोरी, तुला तो मोठ्या जनावरांचा खेळ येतो म्हंतात."

मला येत होता. डायनासोरांच्या बेटावर तुम्हाला उघडंवाघडं टाकून देतात आणि जगून दाखव म्हणतात, असा तो खेळ. लॉकडाऊनमध्ये लागलेलं खूळ, नंतर सुटलं नाही. माझ्या सासूबाई आणि नवरा दोघंही त्याला "हिची जनावरं" म्हणतात.

"परनाली आईतवारी खेळते मैत्रिनींसंगं," काका म्हणाले. "तिची आई सांगत होती. मला शिकव. मला बगायचंय, माझ्या लेकीनं घर सोडलं ते कशासाठी."

अशी आमची शिकवणी सुरू झाली. पहिली पाळी सुटली की कंपनीच्या बसनं पूल ओलांडून नदीपलीकडच्या अष्टमी गावात माझ्या घरी यायचं, सासूबाईंच्या हातचा चहा घ्यायचा, तासभर खेळायचं आणि संध्याकाळची दिवा स्टेशनाकडं जाणारी रेल्वेगाडी पकडून काकांनी पेणला जायचं. पहिल्या दिवशी ते सासूबाईंसाठी वाटेत पडलेली करवंटी घेऊन आले. सासूबाईंनी ती निमूट ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यात मीठ भरलं.

नव्या खेळाडूला मी चार गोष्टी सांगते. उतरलात की दगड, लाकूड आणि बोरं गोळा करा. पहिली झोपडी किनाऱ्यावरच बांधा, कारण मोठी हिंस्र जनावरं आत जंगलात असतात. अंथरूण टाकून ठेवा, म्हणजे मेलात तर पुन्हा तिथंच जिवंत व्हाल. आणि मेल्या जागी सामान घ्यायला लगेच धावू नका, ज्यानं मारलं तो अजून तिथंच असतो. काकांनी चारही गोष्टी नीट ऐकल्या आणि दुसरी साफ नाकारली.

"दर्याकाठी झोपडं? भरतीची रेघ कुटाय?"

"काका, इथं भरती येत नाही."

"भरती येत नाय असा दर्या नसतो."

"खेळातला आहे हो."

"तुला आली नसंल. उधानाला बघ."

आणि ते निघाले जंगलात, उंचवटा शोधायला. दुसऱ्या मिनिटाला झुडपातून दोन पायांचे शिकारी डायनासोर धावत आले आणि काका संपले. पुन्हा उतरले, पुन्हा उंचवट्याकडे. पुन्हा संपले. त्या आठवड्यात ते अकरा वेळा मेले आणि अकराही वेळा घर बांधायला योग्य जागेकडे जाताना मेले. मी ओरडले, चिडले, एकदा तर लॅपटॉप बंद केला. ते शांतपणे चहा प्यायचे. "जागा बरोबर हाय," म्हणायचे, "मानूस कमी पडतोय." शेवटी त्यांनी काय केलं, तर किनाऱ्यापासून शंभर पावलांवर, जिथवर जनावरं क्वचित येतात, तिथं दगडांचा बांध घातला आणि त्याच्या आत झोपडी उभी केली. बाराव्या खेपेला जगले. न येणाऱ्या पाण्यासाठी घातलेल्या बांधानं न सांगता चालून येणारी जनावरं अडवली. मी कबूल केलं नाही, पण त्यानंतर मीही माझ्या घराला बांध घातला.

नारळी पौर्णिमेला ते सुट्टी असूनही आमच्या घरी आले. खेळात नारळ नव्हता. त्यांनी गाठीची सगळी बोरं घेतली, गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि एक एक करून समुद्राला वाहिली. सासूबाई मागं उभ्या होत्या. त्यांनी पडद्यालाच हात जोडले.

आणि मग तो दगडाचा दिवस. ओढ्याकाठी कुऱ्हाड चालवता चालवता काका थांबले. चष्मा वर करून पडद्याच्या इतके जवळ गेले की मला काही दिसेना.

"ह्यो दगड बघितलास? शेवाळ एकाच अंगाला हाय. पान्याच्या अंगाला. वरती कोरडा. आन् हितं बघ, पान्यानं झिजून धार गेलीय."

"हो, मग?"

"कुनीतरी बसून काढलाय गो ह्यो. ज्यानं ओढा बघितलाय त्यानं." ते बराच वेळ त्या दगडाभोवती फिरत राहिले. त्याला कुऱ्हाड लावली नाही. मग म्हणाले, "मी तिला हसलो."

हा खेळ काही प्रणालीच्या कंपनीनं बनवलेला नव्हता, तो दगड तिचा नव्हता. मी तसं सांगितलंही. "कुनाच्या तरी लेकीचा आसंल," ते म्हणाले, आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा आधीच्या गाडीनं गेले.

जनावर पाळायचं कसं, हे शिकवताना आमचं वाजलं. बहुतेक जनावरांना आधी मारून बेशुद्ध पाडायचं, मग त्यांच्यापुढं खाणं ठेवून शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं, अशी रीत आहे. काकांना ती पटेना. "आधी डोकं फोडायचं, मंग खाऊ घालायचं! ही कसली मानसं?" तरी मी सांगितलं म्हणून तीन शिंगांचं एक धूड त्यांनी पाडलं. मग त्याच्या शेजारी बोरं घेऊन बसले. मी उठून कपडे वाळत घालून आले, चहा झाला, शेजारीण येऊन गेली, हे आपले बसलेले. जनावर एकदाचं उठलं आणि त्यांच्या मागं चालू लागलं. त्याचं नाव त्यांनी पवळ्या ठेवलं. मला वाटलं खूश असतील. ते म्हणाले, "मी पन लेकीचं असंच केलं. पहिला भाग झाला. खाऊ घेऊन बसायचं तेवढं राह्यलं."

मी म्हटलं, फोन करा ना सरळ.

"बोललेला शब्द खांडीसारका. एकदा पडली की खारं पानी आत. मंग पाऊस चार-पाच वर्सं धुतो, तवा भात येतो. फोननं नाय व्हायचं." मग जरा थांबून, "पन तू म्हनालीस ना, काय जनावरं मारून पाळत नाय?"

म्हणाले होते मी. काही जनावरं अशी असतात की त्यांच्या वाटेवर हातात खाऊ धरून गुपचूप उभं राहायचं. पुढं जायचं नाही, हाक मारायची नाही. त्यांना वाटलं तर ती येतात.

प्रणालीच्या मैत्रिणींचा सर्व्हर, म्हणजे त्यांचं ते बेट, कुणालाही खुलं होतं. फक्त नाव माहीत हवं होतं. ते काकूंनी फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं. त्यालाही तीन रविवार गेले, कारण काकूंना ते इंग्रजी नाव लिहून घेता येईना आणि प्रणालीला आईचा हा अचानक जिज्ञासूपणा कळेना. नाव मिळालं. काका रविवारी सकाळच्या गाडीनं अष्टमीला आले, इस्त्रीचा शर्ट घालून. मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. खेळात त्यांनी नाव काय घ्यावं? "खारकर," म्हणाले. "खोटं नाय, खरं पन नाय." मला हे लपूनछपून जाणं पटत नव्हतं. मी तसं म्हटलं. "दार बंद हाय तवर अंगनातच उभं राहावं लागतं," ते म्हणाले. "अंगनात उभं राहनं म्हंजे चोरी नाय."

ते नवं बेट आम्ही किनाऱ्याकिनाऱ्यानं बघत निघालो. इतरांची घरं वाळूवर, पाण्याला लागून, सगळे बांधतात तशी. मग एका वळणावर काकांचा हात थांबला.

किनाऱ्यापासून शंभर पावलं आत एक घर होतं. उंच जोत्याचं. त्याच्या समोरून दगडी बांध गेला होता, सरळ नाही, खाडीच्या वळणासारखा जरा वाकडा. आणि बांधाच्या मध्यावर एक छोटं फळ्यांचं दार. खारीत त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडून आत साठलेलं पाणी बाहेर सोडायचं असतं. त्या समुद्राला ना भरती ना ओहोटी. त्या दाराचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता.

"ही आमची," काका म्हणाले. "डाव्या अंगाला वळान बघ. थेट आमचा बांध हाय. पाच वर्सांची होती, माझ्या मागनं चालायची, दोन्ही हातांत चिखल घेऊन. फ्रॉक बरबटून घ्यायची. तिची आई मला वरडायची."

घरात कुणी नव्हतं. मैत्रिणी कुठंतरी शिकारीला गेल्या असाव्यात. काकांनी आत जायचा प्रयत्नही केला नाही. ते बांधावर चढले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले, मध्ये थांबून गाठीतला एक दगड बांधावर टाकला आणि उतरून निघून आले. खेळात टाकलेली वस्तू छोट्या गाठोड्यासारखी पडून राहते आणि काही वेळानं नाहीशी होते. मी ते सांगितलं. "मंग फुडल्या आईतवारी परत टाकू," ते म्हणाले.

तीन रविवार त्यांनी टाकला. पवळ्या जुन्या बेटावर राहिला होता, त्यामुळे एकटेच यायचे, बांधावरून चालायचे, दगड ठेवायचे, परतायचे. मला ते बघवायचं नाही. निदान दोन ओळी लिहा म्हणून मी मागं लागायचे. ते ऐकायचे नाहीत.

चौथ्या रविवारी बांधावर कुणीतरी उभं होतं.

काका खालीच थांबले. ती आकृती हलेना, हे हलेनात. माझी बोटं आपोआप कळफलकाकडे गेली. त्यांनी माझा हात हलकेच बाजूला सारला. मग ते बांधावर चढले, आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर नेहमीच्या जागी दगड टाकला.

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली. इंग्रजी अक्षरं, पण शब्द आमचे. "आज तिथ कंची?"

काकांनी उत्तर एका बोटानं लिहिलं. एकेक अक्षर शोधायला इतका वेळ लागत होता की ती निघून जाईल अशी मला भीती वाटत होती. "चवथ. तीनला भरती."

"इथं भरती येत नाही, बाबा."

"मंग बांध कशाला घातलास?"

सासूबाई पोळपाट तसाच टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मग एकच शब्द आला. "सवय."

काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. मला विचारलं, "चुकलं कसं लिवायचं?" मी एकेक अक्षर सांगत गेले आणि माझंच अक्षर चुकत होतं, कारण मला रडू येत होतं. त्यांनी लिहिलं, "माजं चुकलं. दगड लय भारी काडतात तुमी लोक." ती आकृती दोन पावलं पुढं आली आणि काकांच्या दगडाशेजारी तिनं एक दगड ठेवला.

त्यानंतर ती दोघं दर रविवारी तिथं भेटू लागली. काका आपल्या घरून खेळू लागले. अष्टमीला यायची गरज उरली नाही. मला जरा वाईट वाटलं, खोटं का बोला. लॅबमध्ये बाटली देताना ते मला बातम्या सांगायचे: आज उघाडी दुरुस्त केली, आज तिच्या मैत्रिणींनी पन बांध घातले, त्या येड्यांनापन भरतीची भीती घातली मी. सगळं होतं, पण प्रणाली घरी येत नव्हती. दिवाळीला आली नाही, शिमग्याला आली नाही. काकूंना म्हणाली होती, "बाबानं सांगितलंय रित्या हातानं येशील. तशी नाही येणार मी. काहीतरी हातात पडू दे." काका हे सांगताना खाली बघत होते. "पाऊस धुतोय," म्हणाले. "लागंल वेळ."

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी कँटीनमध्ये निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. साहेब बोलले, ते नेहमी बोलतात तेच. काकांना बोला म्हटलं तर त्यांनी मागं राहणाऱ्या कामगारांना एवढंच सांगितलं, "नोंदवहीच्या कोपऱ्यात भरती लिवत जा. कुनाच्या कामाला येईल सांगता येत नाय." मग आम्ही त्यांना गेटपर्यंत सोडायला निघालो. वाटेत त्यांनी एक विटेचा तुकडा उचलला, लॅबच्या पायरीशी टाकला आणि टाचेनं दाबला. एवढ्या दिवसांत तिथली जमीन केव्हाच भरून आली होती. उलट आता तिथं उंचवटा झाला होता आणि नवी माणसं त्याला अडखळायची.

गेटबाहेर एक मुलगी उभी होती. पाठीला पिशवी नाही, खांद्याला पर्स नाही, हातात मोबाइलसुद्धा नाही. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण उभं राहण्याची ढब ओळखीची होती. बांधावर अशीच उभी होती ती.

काका थांबले. त्यांच्यासोबत आम्ही सगळे थांबलो, वॉचमनसुद्धा.

तिनं दोन्ही हात पुढं केले आणि पंजे उघडून दाखवले. मान ताठ होती. "बघ बाबा," ती म्हणाली, "रित्या हातानंच आले."

ते काय उत्तर देतात याकडे माझा जीव लागला होता. दामूकाका तिच्यापर्यंत चालत गेले. काखेतला निरोपाचा नारळ काढला, तिच्या उघड्या पंजांत ठेवला आणि वरून आपल्या दोन्ही हातांनी दाबला. ढेकूळ दाबतात तसा.

"आता कुटं रिता हाय?" ते म्हणाले. "चल घरला. आई वाट बघते."